लेंट बम्प्समधे पहिल्यांदाच उतरतेय आणि मागची बोट आमच्यापेक्षा फास्ट आहे, काय करू?

कृष्णाकाठची:
नमस्कार मंडळी. मूळची साताऱ्याची, ऑक्टोबरपासून केंब्रिजला एमफिल करतेय. आल्या आल्या कॉलेजच्या बोट क्लबात नाव घातलं, म्हटलं एक टर्म वल्हवून बघू, आणि मग ते अंगातच भिनलं. डिसेंबरात फेअरबेर्न रेस झाली ती छान गेली, पण तिथे बोटी एकेक करून सोडतात आणि घड्याळ लावतात, मागून कोणी अंगावर येत नाही. आता कॅप्टनने मला मुलींच्या दुसऱ्या बोटीत ३ नंबरच्या सीटवर घेतलंय आणि फेब्रुवारीअखेर लेंट बम्प्स आहेत, म्हणजे बोटी एकामागे एक सुटतात आणि पुढच्या बोटीला शिवायचं असतं ती रेस.

प्रॉब्लेम असा की स्टार्टची ऑर्डर मागच्या वर्षीच्या निकालावरून लागते, आणि मागच्या वर्षीची आमची दुसरी बोट चांगलीच तगडी होती, त्यातल्या निम्म्या मुली पास होऊन गेल्या, उरलेल्या पहिल्या बोटीत गेल्या, म्हणजे जागा त्यांनी कमावलेली आणि राखायची आम्ही, ज्यातल्या बहुतेकींनी ऑक्टोबरच्या आधी वल्हं हातात धरलेलं नव्हतं. मागे जी बोट लागणार आहे तिला पाण्यावर बघितलंय, त्या सरळ सरळ फास्ट आहेत. चारही दिवस मागच्या बोटीचा मार खाल्ला की स्पून्स, म्हणजे हरल्याचे चमचे, हे इथे सगळे सहज बोलतात पण मला त्या विचाराने रात्री झोप येत नाहीये.

मला विचारायचंय ते हे की मागची बोट फास्ट असताना नक्की करायचं काय, पहिल्या मिनिटातच सगळं काढायचं की दम राखून ठेवायचा? आणि रोइंगमधे आपलं तोंड मागे असतं, म्हणजे पाठलाग करणारी बोट कायम डोळ्यासमोर, तिच्याकडे न बघता राहायचं कसं? आणि टक्कर होते तेव्हा कुणाला लागतं का, हे घरी आईला काय सांगू? पोहता येतं, कॉलेजची स्विम टेस्ट झालीय, पाण्याची भीती नाही.

विश्रामबाग७:
अगं मस्तच! तुला ‘तू’ म्हणतोय, चालेल ना. मी तिथेच पीएचडी केली, ५ नंबरला बसायचो, आता पुण्यात असतो.

आधी इथल्या बाकीच्यांसाठी थोडक्यात. कॅम नदी इतकी अरुंद आहे की आठ वल्ह्यांच्या दोन बोटी शेजारी शेजारी पळवणं जमतच नाही, म्हणून तिथे १८२७ पासून हा बम्प्सचा प्रकार चालतो. एका डिव्हिजनमधे साधारण १७ बोटी एकामागे एक लावतात, दोन बोटींच्या मधे दीड बोटीचं अंतर, म्हणजे ९० फुटांच्या आसपास, आणि तोफ झाली की सगळ्या एकदम सुटतात. पुढचीला शिवायचं, मागचीला शिवू द्यायचं नाही. बम्प झाला की दोघी काठाला लागतात आणि दुसऱ्या दिवशी जागांची अदलाबदल. काहीच झालं नाही आणि शेवटपर्यंत पोचलात तर रो-ओव्हर, जागा तीच. असं चार दिवस. चारही दिवस बम्प केलात तर ब्लेड्स, म्हणजे कॉलेजच्या रंगात रंगवलेलं, सगळ्यांची नावं लिहिलेलं वल्हं घरी न्यायचा मान.

आता तुझा प्रश्न. मागची बोट फास्ट आहे हे खरं धरू, पण तिच्याही मागे कोणीतरी आहे हे विसरू नकोस. तिला तुम्हाला पकडायला दोन मिनिटं लागणार असतील आणि तिलाच दीड मिनिटात कोणी शिवलं तर तुमच्या मागचं पाणी मोकळं. आणि तुम्ही पुढचीला आधी शिवलंत तर तिथेच तुमची त्या दिवसाची रेस संपली, मागची कितीही फास्ट असू दे. त्यामुळे आम्हाला कोच नेहमी हेच सांगायचा की पळू नका, पकडायला जा. घाबरून पळणारी बोट आणि पकडायला निघालेली बोट यांच्या वल्हवण्यात इतका फरक पडतो की काठावरून बघणाऱ्यालासुद्धा कळतं.

कारण मेख अशी आहे. भीती वाटली की माणूस पाण्यात जोर जास्त लावत नाही, स्लाइडवर, म्हणजे सीट सरकते त्या रुळावर, घाई करतो. स्ट्रोक संपला, वल्हं बाहेर आलं, की आठही जणी सीटसकट बोटीच्या मागच्या टोकाकडे सरकता, तुम्ही मुली धरल्या तरी पाचशे किलोच्या आसपास वजन झालं, बोट स्वतः जेमतेम शंभर किलोची, ते एवढं वजन धाडकन मागे गेलं की बोट तिथल्या तिथे अडते. रेट, म्हणजे मिनिटाला किती स्ट्रोक, तो वाढतो, दम जातो आणि बोट मात्र हळू होते. म्हणून दम राखायचा नाही पण सरकताना शांत राहायचं, ढोल पथकात ताशाच्या पुढे टोल पडला की सगळं विस्कटतं ना, तसंच, स्ट्रोकला बसलेल्या, म्हणजे ताल देणाऱ्या मुलीच्या आधी तुझं वल्हं पाण्यात गेलं नाही पाहिजे, मग मागे वाघ का असेना. स्टार्टला रेट चाळीसच्या जवळ जाईल, तो बत्तीस-चौतीसला खाली आणताना बोट मंदावल्यासारखी वाटते, तिथेच नवीन क्रू घाबरतात. तो रिदम बसवायची प्रॅक्टिस आत्तापासून करा, रोजच्या आउटिंगला निदान तीन-चार स्टार्ट मारून लगेच रिदमला या.

स्टार्टचं पण सांगून ठेवतो म्हणजे दचकणार नाहीस. चार मिनिटांची तोफ, मग एक मिनिटाची. तेवढ्यात अंगावरचे गरम कपडे काढून काठावर द्यायचे, बोटं पार बधीर झालेली असतात. कॉक्सच्या, म्हणजे सुकाणू धरून कॉल देणारीच्या, हातात साखळीचं टोक, दुसरं टोक काठाला, काठावरचा माणूस लांब काठीने बोट आत ढकलतो, पुढच्या दोघी हलकेच वल्हं मारून साखळी ताठ ठेवतात, आणि काठावरून कोणीतरी घड्याळात बघून मोठ्याने सेकंद मोजत असतो. तेव्हा पाय आणि श्वास एवढंच बघ, बाकी काही नाही. शेवटचे दहा सेकंद फार लांबतात.

नाशिककर_कॉक्स:
वरच्यांशी सहमत, फक्त शिट्ट्यांबद्दल त्यांनी सांगितलं नाही, ते मी सांगते कारण नवीन मुली तिथेच फसतात. काठाने सायकलवरून तुमची माणसं येत असतात, पुढची बोट एका लांबीवर आली की ते एक शिट्टी देतात, अर्ध्यावर दोन, पावावर तीन, आणि बोटी एकमेकींच्या शेजारी आल्या की सतत वाजवत राहतात. पण मागच्या बोटीची माणसंही त्याच काठावरून त्याच शिट्ट्या वाजवत येतात! तुला ऐकू आलेली शिट्टी तुमची की त्यांची हे तू ठरवायचंच नाही, ते कॉक्स सांगेल. तुझ्या समोर ४ नंबरची पाठ आहे, तिच्या मानेखाली जर्सीची शिवण असेल तिथे नजर लाव आणि रेस संपेपर्यंत तिथेच ठेव. डोकं वळलं की खांदा वळतो, खांदा वळला की बोट एका बाजूला कलते आणि त्या बाजूच्या चौघींची वल्ही पाण्याला घासायला लागतात.

टकरीचं म्हणशील तर आईला हे सांग. बोटीच्या नाकावर रबरी गोळा असतोच, त्याशिवाय सोडतच नाहीत. आणि दरवेळी आदळायची गरज पण नसते, शिवलं हे दिसलं किंवा आता सुटका नाही हे कळलं की कॉक्स हात वर करते, तिथे बम्प मान्य. वल्ही एकमेकांत अडकतात तो जास्त कटकटीचा भाग. तेव्हा कॉक्स ओरडेल ‘होल्ड इट अप’, त्यावेळी जिंकलो की हरलो हे न बघता ताबडतोब थांबायचं, आणि पटकन काठाला लागायचं कारण मागून अजून बोटी येतायत. जे अपघात मी बघितलेत ते बम्पमुळे कमी आणि बम्प झाल्यावर मधेच रेंगाळल्यामुळे जास्त.

रोजच्या दोन गोष्टी बघत जा. बोटीतले बूट फूटप्लेटला पक्के असतात, त्यांच्या टाचेला बारीक दोरी असते, ती तुटकी किंवा फार सैल असेल तर बोट उलटल्यावर पाय निघत नाही. आठाची बोट सहसा उलटत नाही पण दोरी रोज ओढून बघायची, बघितल्याशिवाय बसायचंच नाही. आणि थंडी आहे म्हणून ढगळ जॅकेट घालू नकोस, वल्ह्याचा दांडा खिशात किंवा घेरात अडकला की क्रॅब पडलाच समज, वल्हं पाण्यात रुतून बसतं आणि दांडा पोटात येतो. दोन-तीन पातळ आणि अंगाला घट्ट थर घाल.

बरेचसे बम्प वळणावर होतात, ग्रासी आणि डिटन कॉर्नरला. तिथे कॉक्सने एका बाजूला जास्त जोर मागितला तर त्या बाजूच्या चौघींनी त्याच स्ट्रोकला द्यायचा, पुढच्या नाही. डिटनला गर्दी इतकी ओरडते की कॉक्स बॉक्सचा स्पीकर असूनही शब्द कळत नाहीत, म्हणून कुठला कॉल कसा देणार हे तुमच्या कॉक्सबरोबर बसून आधीच ठरवा. आमच्याकडे बहुतेक क्रू कॉक्सला विचारतच नाहीत, ती बिचारी एकटीच नकाशा घेऊन बसते, आणि मला हे अजिबात पटत नाही. ती पण क्रू आहे.

संगमपूल:
सीओईपीचा. आमचा बोट क्लब १९२८ चा, मुळा-मुठेवर. जलपर्णी आली की आधी ती काढा आणि मग बोटी काढा, असे दिवस काढलेत, त्यामुळे स्वच्छ नदी आणि एवढ्या बोटी म्हणजे तुझा हेवाच वाटतो.

बम्प्स मी केलेले नाहीत, आपल्याकडे लेनमधे शेजारी शेजारी, नॅशनलला २००० मीटर, त्यामुळे त्यावर बोलत नाही. पण ‘ऑक्टोबरच्या आधी वल्हं धरलं नव्हतं’ याचं फार ओझं घेऊ नको. चांदवड तालुक्यातल्या तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ घे, विहिरी खणायच्या कामावर जाणारा मुलगा, २०१२ ला सैन्यात भरती झाला आणि रोइंग तिथे गेल्यावर शिकला, सुरुवातीला पाण्याला घाबरायचा. २०१६ ला रिओ ऑलिम्पिकला सिंगल स्कल्समधे, म्हणजे एकट्याच्या बोटीत, तेरावा, आणि २०१८ च्या एशियाडला क्वाड्रुपल स्कल्समधे, म्हणजे चौघांच्या बोटीत, गोल्ड. हा खेळ उशिरा शिकता येतो, लहानपणापासूनच पाहिजे असं काही नाही.

प्रॅक्टिकल सांगायचं तर शेवटच्या आठवड्यात एर्गवर, म्हणजे रोइंगच्या मशीनवर, २ हजार मीटरची टेस्ट मारून स्वतःला पारखत बसू नको, त्याने पाय जड होतात आणि हाती काही लागत नाही. त्याऐवजी वीस-वीस स्ट्रोकचे छोटे पीस मार, मधे पूर्ण विश्रांती घे. हाताचे फोड फोडू नको, टेप लाव. रेसच्या दिवशी जेवण दोन-तीन तास आधी, आणि तुमची डिव्हिजन दुपारी असेल तर सकाळपासून उपाशी राहू नको.

लॅबवाला:
सगळे उत्साहात आहेत म्हणून वेगळं लिहितो. मी एक टर्म केलं आणि सोडलं, प्रयोग रात्रभर चालायचे आणि पहाटे सहाला नदीवर, ते जमेना. सोडलं त्याचं वाईट वाटत नाही. पण एक लक्षात घे, आठातली एक जण आली नाही तर उरलेल्या सात जणी आणि कॉक्स अंधारात बोटहाउसपाशी उभ्या राहून परत जातात, किंवा ऐनवेळी कोणाला तरी झोपेतून उठवून आणावं लागतं. त्यामुळे थिसिसची डेडलाइन मार्चमधे येत असेल तर कॅप्टनला आत्ताच स्पष्ट सांग, तिला दुसरी मुलगी तयार करायला वेळ मिळेल. करायचं ठरवलंस तर पूर्ण कर, चारही दिवस.

कृष्णाकाठची:
सगळ्यांना मनापासून थँक्यू, हे सगळं क्रूच्या ग्रुपवर भाषांतर करून टाकलंय! डेडलाइन जूनची आहे, गाईडशी बोलले, त्या म्हणाल्या कर. काल कॉक्सबरोबर सायकलवरून पूर्ण कोर्स बघून आलो, बेट्सबाइट लॉकपासून रेल्वे पुलापर्यंत, कुठे काय कॉल हे तिने वहीत लिहिलं. आणि कालच्या आउटिंगला स्टार्टनंतर रिदमला आलो तेव्हा पहिल्यांदाच बोट हातातून पुढे घसरतेय असं वाटलं, वरचं स्लाइडचं वाचून सगळ्यांनी ठरवून केलं होतं. स्पून्स मिळाले तर मिळाले, पण रिदम सोडून नाही मिळवायचे असं ठरलंय.

एक शेवटचं, आई-बाबा जूनमधे येतायत, मी तोपर्यंत टिकले तर मे बम्प्स बघायला कुठे उभं करू त्यांना? बाबांना फार चालवत नाही.

नाशिककर_कॉक्स:
टिकशील. मे बम्प्स नावाने मे, होतात जूनमधे, बुधवार ते शनिवार. सायकलवाले टो-पाथच्या, म्हणजे नदीलगतच्या वाटेच्या, काठाने जातात, तिथे धक्काबुक्की असते, आई-बाबांना तिकडे नको. समोरच्या काठाला फेन डिटन गाव आहे, तिथल्या द प्लाऊ पबच्या हिरवळीवर बसायला मिळतं, टॅक्सी गावापर्यंत जाते, शनिवारी मात्र लवकर जाऊन जागा धरायची. बोटी ग्रासीवरून येताना दिसतात. बम्प केलेल्या क्रूच्या डोक्यावर झाडाचा पाला खोचलेला असतो, तेवढं बाबांना सांगून ठेव म्हणजे दुरून ओळखता येईल.