दालमिलच्या सॉफ्टवेअरने नक्की किती कमावून दिलं, हे मोजायचं कसं? (मदत हवी आहे)

मंडळी, आमची जळगाव एमआयडीसीत दालमिल आहे, तूर आणि हरभऱ्याची. दोन वर्षांपूर्वी मीच हट्ट धरून बिलिंग, गोदाम, वजनकाटा, उधारी असं सगळं एकत्र बघणारं सॉफ्टवेअर बसवलं. संगणक आणि माणसांना शिकवणं धरून सात लाख गेले, वर वर्षाला सव्वा लाख देखभालीचे. परवा ताळेबंद बघताना आप्पांनी विचारलं, "कितला पैसा दिना रे या डबडानी?" मी गप्प.

नफा वाढलाय. पण स्वस्तात भरलेली तूर चढ्या भावात गेली, म्हणून वाढलाय. त्याचं श्रेय सॉफ्टवेअरला दिलं तर आप्पाच हसतील. सीएंना विचारलं तर म्हणाले, ४० टक्के घसारा लावलाय, बाकी तुम्ही बघा. एमबीएला अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट सोलो यांचं १९८७ चं म्हणणं शिकलो होतो, की संगणकयुग सगळीकडे दिसतं, फक्त उत्पादकतेच्या आकड्यांत दिसत नाही. तेव्हा गंमत वाटली होती.

नफा सोडून काय मोजू? आणि सॉफ्टवेअरच्या आधीचे आकडे मुद्दाम कोणी काढून ठेवलेच नाहीत, मग तुलना कशाशी करू?

प्रतिसाद १
पाच कोटींवर उलाढाल असेल तर ई-इनव्हॉइस (सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल) ऑगस्ट २०२३ पासून सक्तीचं आहे. तेवढा खर्च तुम्हाला कसाही करावाच लागला असता. तो बाजूला काढा, उरलेल्याचा हिशोब मांडा.

प्रतिसाद २
भो, नफा हे फार लांबचं टोक आहे. मध्ये भाव, पाऊस, सरकारी आयात धोरण, सगळं येतं. सॉफ्टवेअरचा हात जिथे थेट लागतो तिथे मोजा: उधारी किती दिवसांनी वसूल होते, वहीतला साठा आणि गोदामातली पोती यांत किती फरक निघतो, महिन्याला किती बिलं दुरुस्त करावी लागतात. जुने आकडे नाहीत असं कसं म्हणता? मुनीमजींच्या खतावण्या आहेत ना! दोन वर्षांच्या उपसा, वसुलीच्या तारखा तिथेच सापडतील.

दुसरं, तुमच्यासारखीच पण सॉफ्टवेअर नसलेली मिल ओळखीत असेल तर तिचेही तेच आकडे घ्या. बाजार दोघांना सारखाच. तुमच्यातल्या बदलातून त्यांच्यातला बदल वजा करा, उरेल ते बरंचसं सॉफ्टवेअरचं.

आणि मुनीमजी आजही आधी वहीत, मग संगणकात लिहितात का? तसं असेल तर यंत्र नवं, पद्धत जुनीच. अमेरिकेतल्या कारखान्यांत विजेची मोटर एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आली, पण उत्पादकता उसळली १९२० च्या दशकात. तोवर वाफेच्या इंजिनाच्या जागी एक मोठी मोटर बसवून सगळी यंत्रं एकत्र फिरवणारे शाफ्ट आणि पट्टे तसेच ठेवले होते. प्रत्येक यंत्राला आपली मोटर मिळाली, मांडणी बदलली, तेव्हा फायदा दिसला. पॉल डेव्हिड या अर्थशास्त्रज्ञाने १९९० मध्ये संगणकाची तुलना याच्याशीच केली होती.

धागाकर्ता
खतावण्या उपसल्या, तीन रविवार गेले. धुळ्याला चुलत भावाची मिल अजून वहीवर चालते, त्याने कुरकुरत आकडे दिले. आमची वसुली ५८ दिवसांवरून ४१ वर आली, त्याची ५५ वरून ५०. म्हणजे आमचे १७ वजा त्याचे ५, निव्वळ १२ दिवस. उधारीची विक्री वर्षाला १२ कोटी, म्हणजे सुमारे ३९ लाख मोकळे झाले. सीसीचं (बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जाचं) व्याज १० टक्के धरलं तर वर्षाला जवळपास ३ लाख ९० हजार. कोणाकडे किती दिवस थकलंय हे रोज सकाळी समोर येतं, म्हणून फोन वेळेवर जातो, एवढंच त्यामागचं कारण.

डाळीच्या उताऱ्यात, म्हणजे क्विंटलमागे निघणाऱ्या डाळीत, मात्र काडीचा फरक नाही. चुनी (डाळीचा चुरा) तेवढीच. ती बाजू मी आप्पांना आधीच सांगून टाकली.

राहता राहिली मुनीमजींची वही. हो, दोनदा लिहिणं अजून चालूच आहे. तीस वर्षांपासून आमच्याकडे आहे तो माणूस. ती बंद करा असं कोणी सांगायचं, मी की आप्पांनी?