थंडीत दोन लहान मुलं आणि घर: खानदेशात दिवस कसा लावायचा?

गिरणाकाठ (प्रश्न)

जळगाव शहर, दुसरा मजला, वर उघडी गच्ची. हॉलला दक्षिणेची मोठी खिडकी आहे, झोपायची खोली मात्र वायव्येला. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा दीड वर्षाचा. पहाटे पारा दहाच्या खाली आणि दुपारी साधा सुती सदरा पुरतो, अशी गत.

सकाळी सात ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ मुलं घरातच असतात आणि मोबाइल मागतात. त्यांच्या हाताला काय काम द्यावं? रूम हीटर न घेता खोली उबदार राहते का? धाकट्याला या दिवसांतलं काय खायला चालतं? मापं आणि वेळा सांगितल्यात तर बरं. "स्वेटर घाला" एवढंच उत्तर नको, ते आजी रोज सांगतात.

कवडसा

ताई, दक्षिणेची खिडकी असताना हीटर कशाला? आपल्याकडची थंडी रात्रीची आणि सकाळची. दिवसा ऊन फुकट असतं, पण बरीच घरं नेमकी तेव्हाच खिडक्या लावून रात्रीचा गारठा आत कोंडून ठेवतात. स्लॅब आणि फरशी उशिरा गार होतात, तापतातही उशिरा. म्हणून सकाळी दहाला गच्चीवर छान वाटतं आणि घरात पाय ठेववत नाही. साडेदहा ते चार खिडकी आणि पडदा सताड उघडा, पाचच्या सुमारास दोन्ही बंद.

मुलांची चटई कुठे टाकायची याचाही हिशोब आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास जळगावात भरदुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४५-४६ अंश चढतो. म्हणजे वस्तूची जेवढी उंची तेवढीच तिची सावली. खिडकीचा तळ जमिनीपासून ३ फूट आणि वरची कड ७ फूट असेल, तर दुपारी ऊन भिंतीपासून ३ ते ७ फुटांच्या पट्ट्यात पडेल. वर दीड फुटाचा छज्जा असेल तर पट्टा ३ ते साडेपाच फूट एवढाच. चटई तिथे. खिडकीला चिकटून टाकली तर ऊन डोक्यावरून जातं आणि मूल गारव्यातच बसतं.

मोठीसाठी यातूनच खेळ निघतो. खडूने कवडशाची कड फरशीवर आखायची, दर अर्ध्या तासाने नवी रेघ, शेजारी घड्याळातली वेळ. सूर्य पश्चिमेकडे सरकतो आणि कवडसा पूर्वेकडे, हे तिचं तिलाच कळू द्या. मग गच्चीवर तिची सावली दोरीने मोजा आणि तीच दोरी तिच्या उंचीला लावा, जवळजवळ बरोबर येते. हे साधतं ते २२ डिसेंबरच्या मागेपुढे आठवडाभर. जानेवारीच्या अखेरीस सावली उंचीच्या चार-पंचमांश उरते. चूक होते ती वेळेत. घड्याळात बारा वाजले म्हणजे सूर्य दिवसातल्या सगळ्यात उंच जागी आला असं नाही. जळगावात २२ डिसेंबरच्या सुमारास तो साधारण १२ वाजून २५ मिनिटांनी येतो, संक्रांतीला १२:३५ च्या पुढे. धुळे-नंदुरबारला आणखी तीन ते पाच मिनिटं उशिरा. दोरी जपून ठेवा, मेच्या शेवटच्या आठवड्यात भरदुपारी हीच सावली पायाखाली नाहीशी होते.

धाकट्याला रेघांत रस नसतो. त्याच्यासाठी उन्हात ताटलीभर पाणी ठेवा, छतावर उजेड नाचतो आणि पाण्याला बोट लावलं की थरथरतो. पाणी बोटभरच, आणि मोठं माणूस हाताच्या अंतरावर. आरसा नको, तिरीप डोळ्यांत जाते.

सकाळी सात ते दहासाठी तेलाचा प्रयोग करा. खोबरेल २४-२५ अंशांखाली थिजतं, तिळाचं तेल पातळच राहतं. रात्री खिडकीत तीन वाट्या ठेवायच्या: खोबरेल, तिळाचं तेल, तूप. सकाळी कोणतं थिजलं ते मुलीने काडी घालून बघायचं. ऊन आलं की थिजलेल्या खोबरेलाच्या दोन सारख्या वाट्या, एक काळ्या कापडावर आणि एक पांढऱ्या. कोण आधी वितळतं यावर पैज लावा. प्रत्येकी एक चमचाच तेल घ्या. वाटीभर घेतलंत तर दुपार होईल आणि मुलं कंटाळतील. शुद्ध खोबरेलच हवं, सुगंधी केसतेलात दुसरी तेलं असतात आणि ते नीट थिजत नाही.

संध्याकाळी सावल्यांचा खेळ. टॉर्च भिंतीपासून ६ फुटांवर, हात भिंतीपासून फूटभर, की सावली रेखीव. हात टॉर्चकडे नेला की राक्षस होतो पण कडा फिसकटतात. ट्यूबलाइट चालू ठेवून हे होत नाही. मोबाइलचा फ्लॅश उत्तम चालतो, फोन उपडा ठेवला तर सावल्या छतावर पडतात आणि पडद्याचा मोहही नाही.

वाकळ

दिवसाचं वर आलंच आहे, मी रात्रीचं सांगते.

वायव्येची खोली सगळ्यात गार. थंडीपुरते दोन महिने अंथरुणं हॉलमध्ये आणा. तेच नको असेल तर पलंग बाहेरच्या भिंतीपासून वीतभर सरकवा. जमिनीवर झोपत असाल तर वर पांघरुणं वाढवण्याआधी खाली वाढवा. खाली सतरंजी, त्यावर दोन गोधड्या, वर एकच वाकळ. फरशी अंगाखालून ऊब ओढते, त्याला वरची तिसरी रजई काही करू शकत नाही.

गोधड्या अकरा ते तीन उन्हात, मध्ये एकदा उलटवायच्या. चारनंतर बाहेर ठेवल्या की पुन्हा गार होतात आणि दिवसाची ऊब वाया जाते. घडी करून लगेच पेटीत टाकू नका, अंथरुणावरच पसरा.

मुलाला थंडी वाजते का हे हातपाय चाचपून कळत नाही, ते गारच लागतात. मानेच्या मागे किंवा छातीवर हात ठेवा. तिथे घाम असेल तर एक थर काढा. आपल्या अंगावर जितके थर, त्याहून एक जास्त, एवढं पुरतं. अंगाला सुती, त्यावर लोकर. उलटं केलं की मूल खाजवत बसतं आणि लोक म्हणतात थंडीने चामडी फुटली. झोपताना कानटोपी काढा. वाचणाऱ्यांत कोणाचं बाळ वर्षाच्या आतलं असेल तर त्याच्यावर सुटं पांघरूण, उशी, टोपी काहीच नको, अंगालाच नीट बसणारे थर हवेत.

आंघोळ सकाळी सातला हवीच असा नेम नाही. अकराला, दार लावून, पाच मिनिटांत. बादलीत आधी गार पाणी, मग कढत, आणि कोपराने बघायचं. हीटरचा रॉड लावला असेल तर प्लग काढल्याशिवाय पाण्याला बोट लावायचं नाही आणि ती बादली मुलांच्या वाटेत ठेवायची नाही.

धुळेकर

एवढं कशाला भो? घमेल्यात निखारे घ्यायचे, खोलीत ठेवायचे, खिडकी किलकिली ठेवायची. गावाकडे सगळे तसंच करतात.

वाकळ

नाही दादा, हे अजिबात करू नका. कोळशाच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, धूरही दिसत नाही. माणसाला आधी डोकं जड होऊन झोप येते आणि तो झोपेतच दगावतो. लहान मुलांना तो लवकर बाधतो. किलकिल्या खिडकीचा भरवसा नाही, कारण थंडी वाजली की तीच आधी कोणीतरी लावून घेतं. गावच्या जुन्या धाब्याच्या (सपाट मातीच्या छताच्या) घरात छताला धूर जायला भोक आणि दारांना फटी असायच्या. फ्लॅटमध्ये त्या नाहीत.

शेकोटी हवी तर अंगणात. भोवती तीन फुटांवर विटांचं किंवा खडूचं रिंगण, मुलांनी त्याच्या आत यायचं नाही. वारा पाठीवर येईल असं बसवा, म्हणजे धूर तोंडावर येत नाही. नायलॉनचं जर्किन आणि लोंबती ओढणी दोन्ही आगीपाशी नकोत, एक वितळून चिकटतं आणि दुसरी पेटते. पऱ्हाट्या, तुराट्या (कपाशीच्या आणि तुरीच्या वाळक्या काड्या) चालतील. खताच्या गोण्या, फवारणीच्या बाटल्या, रंग दिलेलं लाकूड टाकू नका. विझवताना पाणी ओता, राख ढवळा, परत ओता. वरून पांढरी दिसणारी राख सकाळीसुद्धा आत तापलेली असते आणि तीत पाय घालायला पोरं टपलेली असतात. भाजलंच तर वाहत्या साध्या पाण्याखाली २० मिनिटं. टूथपेस्ट, शाई, बर्फ काही नाही.

चानकी

खाण्याचं मी घेते. संध्याकाळचे सहा ते साडेसात हा मुलांना कामाला लावायचाच वेळ आहे, कारण स्वयंपाकघर तेव्हा घरातली सगळ्यात उबदार जागा असते.

एक दिवस भरीत करा. आपल्या हिरव्यागार, लांबट, कमी बियांच्या भरिताच्या वांग्यांचा हाच हंगाम. एक किलोत तीन-चार बसतात. काटेरी चमच्याने आठ-दहा ठिकाणी टोचा, नाहीतर वाफेने फुटतात. गॅसवर जाळी ठेवून मध्यम आचेवर १२ ते १५ मिनिटं, फिरवत राहायचं. पऱ्हाट्यांवरचा धुरकट वास गॅसवर पूर्ण येत नाही, ते मान्य करा. देठापाशी सुरी सहज शिरली की झालं. तिथेच कच्चं राहतं. झाकून १० मिनिटं ठेवा, मग साल मोठीने काढायची. पाण्याखाली धरून सोलू नका, चव वाहून जाते. उभं चिरून आत अळी आहे का ते उजेडात बघा, मगच ठेचा. मिरच्या आणि लसूण वेगळे परतून ठेचा आणि ते मिसळण्याआधी मुलांचा वाटा काढून घ्या. नंतर तिखट काढता येत नाही. पातीचा कांदा मुलीला बोथट सुरीने चिरू द्या.

सोबत कळण्याची भाकरी. चार भाग ज्वारी, एक भाग सालीसकट उडीद, थोडं मीठ, एकत्र दळून आणा. उडदामुळे पीठ चिकट होतं, म्हणून नुसत्या ज्वारीसारखी भाकरी चिरत नाही आणि लहान हातांनाही थापता येते. मुलांना लिंबाएवढ्या गोळ्याची चानकी, म्हणजे छोटी भाकरी, करायला द्या. पीठ मळून पाच मिनिटांतच वापरायचं, जास्त वेळ राहिलं तर सैल पडून हाताला चिकटतं.

दुसऱ्या दिवशी मटार, तुरीच्या शेंगा, हरभऱ्याचे घाटे सोलायला बसवा. घाट्यांवर आंब (आंबट रस) असते, ते हात डोळ्यांना लागले की झोंबतं, म्हणून आधी हात धुवायचे. धाकट्याला शेंगा द्या, दाणे नको. मटाराचा दाणा नाकात जायला पाव सेकंद लागतो.

दीड वर्षाच्या मुलाला अख्खे शेंगदाणे, हुरडा, फुटाणे, बोरं नकोत. शेंगदाणे चार वर्षांपर्यंत कुटूनच. "थंडीत केळं देऊ नये" हे जळगावात बसून म्हणणं जरा जास्तच होतं. केळं द्या, फक्त फ्रिजमध्ये ठेवू नका. १२-१३ अंशांखाली सालीला काळेपणा येतो, गार ओट्यावरही येतो. आतला गर ठीक असतो.

गिरणाकाठ

निखाऱ्यांचा विचार सोडला. तिळाचे लाडू धाकट्याला चालतील का? पाकाचे फारच कडक होतात.

चानकी

त्याच्यासाठी बिनपाकाचे करा. तीळ २ वाट्या, मंद आचेवर तडतडेपर्यंत, साधारण ५-६ मिनिटं; रंग गडद झाला की कडू. शेंगदाणे १ वाटी, भाजून, सालं काढून. दोन्ही पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये थांबून थांबून फिरवा. सलग फिरवलं तर तेल सुटून गोळा होतो. मग दीड वाटी किसलेला साधा गूळ घालून आणखी दोनदा. चिक्कीचा गूळ नको, तो पाकासाठी. लाडू वळत नसेल तर तूप ओतायची घाई करू नका, मिश्रण मुठीत दाबून ऊब द्या, तेल आपोआप बांधतं. तरीही नाही जमलं तर एक चमचा पातळ तूप. धाकट्याला बोराएवढा लाडू बोटांनी मोडून, बसवून द्या. उरलेले डब्यात आठवडाभर राहतात, मुलीला डब्याची जागा कळली नाही तर.