हुमण न पेलणाऱ्या ताटलीला ताटली म्हणावे का?

मूळ मत (फोंडा): गेल्या हिवाळ्यात पणजीतील एका प्रदर्शनातून मी हाताने घडवलेल्या मातीच्या सहा ताटल्या घेतल्या. मुद्दाम वाकवलेल्या कडा, ओबडधोबड तळ, तांबे या धातूमुळे हिरवी झालेली मॅट झिलई, म्हणजे मातीवर भाजून चढवलेला काचेसारखा थर. पाहताक्षणी मन जडले. परंतु ताटली टेबलावर डुगडुगते, भातावर हुमण (आमचे माशांचे कालवण) वाढले की ते कडेवरून टेबलावर उतरते, आणि आमसुलाचा तुकडा रात्रभर राहिला तिथे हिरवा रंग फिका पडला आहे. आम्लाने झिलईचा रंग उतरतो, तेव्हा त्यातील धातू अन्नात उतरत असतो. प्रयोग जरूर व्हावेत, पण ते आधी आपल्या स्वयंपाकघरात टिकावेत.

प्रतिसाद (म्हापसा): मी असहमत आहे. हीच कसोटी प्रत्येक घडणीला लावली, तर शेवटी कारखान्यातली गोल पांढरी ताटलीच उरेल. मेरेट ओपेनहाइम या चित्र-शिल्पकर्तीने १९३६ मध्ये कप, बशी आणि चमच्यावर फर चढवली. त्या कपातून चहा पिता येत नाही, आणि म्हणूनच कपाचा ओठांना होणारा स्पर्श आपल्याला जाणवतो.

फोंडा: ती कलाकृती संग्रहालयात आहे, जेवणाची भांडी म्हणून विकायला नाही. उलट बाउहाउस या जर्मन कलाशाळेच्या डॉर्नबुर्ग येथील कुंभारकामाच्या कार्यशाळेत थिओडोर बोग्लरने १९२३ मध्ये मोजक्याच सुट्या भागांची वेगवेगळी जुळणी करून चहादाण्या केल्या. मूठ आणि तोटी जागा बदलत राहिल्या, तरी चहादाणी चहादाणीच राहिली. प्रयोग म्हणतात तो हा.

प्रतिसाद (डिचोली): आमच्याकडे मातीच्या गोल बुडाच्या भांड्यात कालवण शिजते. ते टेबलावर डुगडुगते, पण चुलीच्या तीन दगडांवर घट्ट बसते, आणि गोल बुडाला आच सर्व बाजूंनी लागते. टेबल आपल्या घरात नंतर आले, तेव्हा ओबडधोबड तळाला दोष देण्याआधी तो कशावर ठेवण्यासाठी घडवला, हे कारागिराला विचारायला हवे. झिलईबाबत मात्र फोंड्याचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे.

म्हापसा: झिलईचा मुद्दा मीही मान्य करतो, कारण तो आरोग्याचा आहे. वाकड्या कडेचे तसे नाही. हुमणासाठी खोलगट वाडगा घ्यावा आणि त्या ताटलीत तळलेले बांगडे वाढावेत.

फोंडा: तळाबद्दलचे माझे मत मी मागे घेते. परंतु बांगड्यावरही आपण लिंबू पिळतोच. झिलईतून शिसे आणि कॅडमियम हे विषारी धातू झिरपतात का, हे पाहण्यासाठी भांडे ४ टक्के ॲसेटिक आम्लाने (व्हिनेगरमधल्या आम्लाने) भरून २४ तास ठेवतात आणि मग ते आम्ल प्रयोगशाळेत तपासतात. ही चाचणी झाली आहे की नाही, एवढे ताटलीच्या पाठीवर लिहिलेले असते, तर मी त्या वाकड्या कडांसह सहाही ताटल्या आनंदाने वापरल्या असत्या.