‘लिंकन’: इतके संवाद चित्रपटाला पेलतात का?

प्रश्न (शिवाजी पार्क)
आमच्या सोसायटीतील काही कुटुंबे दरमहा एक चित्रपट एकत्र पाहून त्यावर चर्चा करतात. या वेळी मी स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा ‘लिंकन’ (२०१२) सुचवला आहे. परंतु अडीच तासांत अमेरिकेतील यादवी युद्ध जेमतेम दिसते आणि माणसे बंद खोल्यांत बोलतच राहतात, असा आक्षेप आला. त्याला काय उत्तर द्यावे?

उत्तर १ (विलेपार्ले)
गुलामगिरी नष्ट करणारी तेरावी घटनादुरुस्ती जानेवारी १८६५ मध्ये अमेरिकी संसदेच्या प्रतिनिधीगृहात दोन-तृतीयांश मतांनी मंजूर करून घेणे, एवढाच या चित्रपटाचा गाभा आहे. आणि मते वळवायची तर बोलावेच लागते. तारघरातील प्रसंग नीट पाहावा. रात्री दोन तरुण तारबाबूंशी बोलताना लिंकन युक्लिडचे सूत्र सांगतात, की एकाच गोष्टीशी समान असणाऱ्या गोष्टी परस्परांशीही समान असतात, आणि त्या ओघातच फुटून निघालेल्या दक्षिणेकडील राज्यांच्या शांतिदूतांना वॉशिंग्टनला आणण्याचा आदेश बदलतात. लिंकन साकारणाऱ्या डॅनियल डे-लुईस यांच्या त्या किंचित चिरक्या आवाजात निर्णय आकाराला येताना ऐकू येतो. (ऑस्कर उगाच मिळाले नाही!)

उत्तर २ (मुलुंड)
संवाद जास्त आहेत, याची मलाही तक्रार नाही. ते कोणाच्या वाट्याला आले, याची आहे. फ्रेडरिक डग्लस यांच्यासारखा गुलामगिरीतून निसटून आलेला, लिंकन यांना प्रत्यक्ष भेटलेला थोर वक्ता चित्रपटात कुठेच नाही. श्रीमती लिंकन यांचे कपडे शिवणाऱ्या, एकेकाळी स्वतः गुलाम असलेल्या एलिझाबेथ केकली दिसतात, पण सुटून आलेल्या गुलामांसाठी त्यांनी मदतसंस्था उभारली होती, याचा पत्ता लागत नाही. त्या बहुतेक वेळ श्रीमती लिंकन यांच्या शेजारी बसून असतात. शिवाय मतदानात कनेटिकट राज्याचे दोन प्रतिनिधी विरोधात जाताना दाखवले आहेत, वस्तुतः तेथील चौघांनीही बाजूने मत दिले होते. ११९ विरुद्ध ५६ हा खरा निकालच पुरेसा चुरशीचा असताना ही उठाठेव कशासाठी?

उत्तर ३ (गिरगाव)
सबटायटल्स अवश्य लावावीत आणि मुख्य पात्रांची ओळख आधी करून द्यावी, नाहीतर सुरुवातीलाच नावांचा गोंधळ होतो. चर्चेसाठी गुलामगिरीचे कट्टर विरोधक असलेले प्रतिनिधी थॅडियस स्टीव्हन्स यांचे सभागृहातील भाषण निवडावे. संपूर्ण समतेचा आयुष्यभर कैवार घेतलेला हा माणूस मते फुटू नयेत म्हणून ‘मी केवळ कायद्यापुढील समता मानतो’ असे सांगतो, आणि त्याचेच सहकारी त्यावर बिथरतात. ही तडजोड की शहाणपण, यावर आमच्याकडे जेवणे खोळंबली होती.