‘किल्ली’, ‘चाबी’ की ‘पासवर्ड’? शेतातल्या सेन्सरसाठी शब्द हवा

विचारणा, वरूड:
संत्र्याच्या बागेत मातीची ओल मोजणारे सेन्सर आणि मोबाइलवरून चालू-बंद होणारे मोटरचे स्टार्टर यांच्यावर कास्तकारांसाठी मराठीत पत्रक लिहितो आहे. ‘एन्क्रिप्शन की’ला, म्हणजे संदेश झाकायला वापरतात त्या गुप्त आकड्याला, काय म्हणावं? ‘कूटकुंजी’ कोणी वाचणार नाही. ‘पासवर्ड’ चालेल?

उत्तर, यवतमाळ:
‘पासवर्ड’ नको. पासवर्ड माणूस लक्षात ठेवतो, स्वतः टाकतो. ही किल्ली यंत्राच्या आत असते आणि माणसाने ती पाहायचीही गरज नसते. लोरावॅन, म्हणजे कमी विजेत लांबवर संदेश पाठवणारं बिनतारी जाळं, त्यावरच्या सेन्सरमध्ये ती १२८ बिटांची असते. सेन्सर जाळ्यात सामील होतो तेव्हा तिच्यापासून त्या सत्रापुरत्या, म्हणजे पुन्हा सामील होईपर्यंतच्या, वेगळ्या किल्ल्या तयार होतात. एकीने संदेश अस्सल आहे का ते तपासतात, दुसरीने आतला मजकूर झाकतात. म्हणून ‘मूळ किल्ली’ आणि ‘सत्राची किल्ली’ असे दोन शब्द ठेवा. बोलताना आपण ‘चाबी’च म्हणतो, तीही चालेल.

‘पासवर्ड’ हा शब्द पत्रकात असू द्या, पण त्याच्या जागी: यंत्रासोबत आलेला पासवर्ड बदला, हे सांगताना. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले, ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणून.

पुन्हा वरूड:
आणि ‘की रोटेशन’, म्हणजे ठरावीक काळाने जुनीऐवजी नवी की वापरणं? मी ‘किल्ली फिरवणे’ लिहिलं आहे.

उत्तर, अकोला:
ते आधी काढा! किल्ली फिरवली की कुलूप उघडतं. वाचक नेमकं उलटं समजेल. ‘फेरपालट’ सुचेल, पण पिकांच्या फेरपालटीत सोयाबीन-हरभऱ्यानंतर पुन्हा तेच पीक त्याच वावरात येतं. जुनी किल्ली परत कधीच यायची नसते. सरळ ‘किल्ली बदलणे’ लिहा. आणि बदलल्यावर जुनी ‘रद्द करणे’ हेही वेगळं लिहा, कारण नवी घातली म्हणजे जुनी आपोआप बाद झाली असं लोक धरून चालतात.

‘की मॅनेजमेंट’ला ‘व्यवस्थापन’ म्हटलं तर त्यातून करायचं काम कळत नाही. ‘किल्ली तयार करणे, देणे, बदलणे, रद्द करणे’ असं क्रियापदांत उलगडून लिहा.

उत्तर, यवतमाळ:
एक वाक्य ठळक छापा: ‘प्रत्येक यंत्राची किल्ली वेगळी आहे का, हे विकणाऱ्याला विचारा.’ बसवायला सोपं जावं म्हणून सगळ्या सेन्सरांत एकच मूळ किल्ली घातली असेल, तर धुऱ्यावरून चोरीला गेलेल्या एका डबीतून ती काढून बाकीच्या सगळ्यांचे संदेश वाचता येतात, खोटेही पाठवता येतात. स्टार्टर दुरुस्तीला देताना किंवा विकताना त्याची किल्ली रद्द करून घ्यायची, हेही त्याच ओळीखाली येऊ द्या.