मदत हवी आहे: डी अँड डीमधली जादू गूढ वाटतच नाही, काय करू?

मंडळी, डी अँड डी (डंजन्स अँड ड्रॅगन्स, टेबलाभोवती बसून आपापलं पात्र रंगवत, फासे टाकत खेळायचा खेळ; पाचवी आवृत्ती, 2014 वाली) चालवणारे कोणी आहेत का इथे? मी ठाण्याची, आमचा ग्रुप रविवारी नेरुळला एका मैत्रिणीकडे जमतो, डीएम (कथा आणि जग चालवणारी) मीच. कथा, लढाया, सोंगं काढून बोलणं सगळं मस्त चाललंय, फक्त जादू आली की सगळी हवा जाते.

म्हणजे बघा, मागच्या रविवारी मी एका ओसाड वाड्यातली विहीर आणली. खोली बघायला दोर सोडला तर तो टेकतच नाही, वर ओढला तर कोरडा ठाक आणि टोकाला कोणीतरी नीट गाठ मारून ठेवलेली. टेबलावर सगळे गप्प, मला वाटलं जमलं, तेवढ्यात आमचा विझर्ड (जादूगाराचं पात्र खेळणारा माझा मावसभाऊ, ऐरोलीला आयटीत, कशाचीही एक्सेल शीट करतो) म्हणाला, "डिटेक्ट मॅजिक, रिच्युअल म्हणून, दहा मिनिटं जास्त गेली तर जाऊदेत, स्लॉट तर वाचतो. स्कूल कुठलं?" मी म्हटलं कॉन्ज्युरेशन. (डिटेक्ट मॅजिक म्हणजे जवळपासची जादू दाखवणारा स्पेल, म्हणजे मंत्र; रिच्युअल म्हणून सावकाश केला तर स्लॉट, म्हणजे स्पेलचा मोजका कोटा, खर्च होत नाही; स्कूल म्हणजे जादूचा प्रकार, कॉन्ज्युरेशन त्यातलाच एक.) संपलं! त्याने लिहून घेतलं आणि बाकीचे वडापावकडे वळले.

त्याला तरी काय बोलणार, नियमच तसे आहेत. फायरबॉल (आगीच्या गोळ्याचा स्पेल) म्हणजे दीडशे फूट पल्ला, वीस फूट त्रिज्या, इजेचे आठ फासे. अंगठी सापडली की शंभर सोन्याच्या नाण्यांचा मोती हातात घेऊन आयडेंटिफाय (वस्तूतली जादू ओळखणारा स्पेल), अंगठीची कुंडली बाहेर, आणि मोती खर्चही होत नाही. वाइल्ड मॅजिकचा (बेभरवशी जादूचा) तक्ता वापरून पाहिला तर त्यात जादूगाराचं कुंडीतलं झाड होतं वगैरे, हसून पुरेवाट, भीती कोणालाच नाही. डंजन क्रॉल क्लासिक्स या दुसऱ्या खेळात प्रत्येक स्पेलला फासा टाकावा लागतो आणि फारच वाईट पडला तर जादूगाराच्या अंगावर उलटतं हे माहितीये, पण सगळ्यांना नवीन सिस्टिम शिकवायचं त्राण नाही माझ्यात.

तर विझर्डच्या हातातलं काहीही काढून न घेता गूढपणा कसा आणायचा? "डीएमने ठरवलं म्हणून तुझा स्पेल चालला नाही" हे मला करायचं नाहीये, लेव्हल चढून मिळवलंय त्याने ते.

वीस_आला_रे:
आधी शत्रूच्या स्पेलची नावं घेणं बंद कर. "तो होल्ड पर्सन टाकतो" नाही, "त्याने बोटं मिटली आणि तुझे गुडघे तुझं ऐकेनासे झाले". ओळखायचं असेल तर 2017 च्या पुरवणी पुस्तकात पर्यायी नियम आहे, रिअ‍ॅक्शन (फेरीत एकदाच मिळणारी झटपट प्रतिक्रिया) खर्चून आर्काना चेक (जादूच्या ज्ञानाचा फासा), 15 अधिक स्पेलची लेव्हल एवढा आकडा हवा. म्हणजे ओळखायला रिअ‍ॅक्शन गेली की काउंटरस्पेलला (शत्रूचा स्पेल मोडायला) उरत नाही. मावसभाऊ घासाघीस करेल, करू दे.

कळव्याचा_ऑर्क:
वर्णनाने थोडा फरक पडेल पण मूळ दुखणं वेगळं आहे. खेळाडूंची जादू हे त्यांचं हत्यार आहे, ते कसं चालतं हे त्यांना माहीत असायलाच हवं. गूढ ठेवायची ती जगातली जादू. आमच्या गावी (सिंधुदुर्ग) देवाला कौल लावतात. कळी कुठल्या बाजूची पडली त्यावरून हो की नाही एवढंच कळतं, का ते देव सांगत नाही. मग गाऱ्हाणं घालायचं, नवस बोलायचा, आणि फेडायचा राहिला तर घरात काहीतरी बिनसलं की आजी पहिलं तेच विचारणार, "नवस फेडलास काय रे?" तुझ्या विहिरीला हेच लाव. ती काहीतरी देते, पण बदल्यात मागते, आणि काय मागते हे आधीच्या लोकांनी काय ठेवलंय त्यावरून शोधावं लागतं.

धागाकर्ती:
नवस भारी आहे! पण तो परत डिटेक्ट मॅजिक मारणारच ना. काहीच दिसलं नाही म्हटलं तर म्हणेल ताई चीटिंग करतेय.

कळव्याचा_ऑर्क:
स्पेलचं वर्णन नीट वाच. जादूचं वलय दिसतं आणि स्कूल कळतं, "असेल तर". हे "असेल तर" नियमातच आहे. त्याला सांग, वलय आहे, स्पष्ट आहे, स्कूल नाही. त्याचा स्पेल शंभर टक्के चालला, कसली चीटिंग? आणि आयडेंटिफायला शाप दिसत नाही हे 2014 च्या डीएमच्या पुस्तकात सरळ लिहिलंय, तेही वापर.

पारसिक_गॉब्लिन:
थोडा विरोध. "कळतच नाही" हे दोन सेशन चालतं, मग लोक मोबाईल काढतात. विहिरीचा नियम तुझ्या वहीत पक्का हवा आणि कधीही बदलायचा नाही. आमच्याकडे एका डीएमने रोज नवीन विचित्र काहीतरी आणलं, शेवटी कोणी विचारायचंच सोडून दिलं.

धागाकर्ती:
पटलं. वहीत असं लिहिलंय: विहीर हरवलेली वस्तू परत देते, बदल्यात मागणाऱ्याची एक आठवण घेते, आणि दोरावरच्या गाठी म्हणजे आधी मागून गेलेल्यांची मोजदाद. गाठी मोजल्या आणि गावातल्या विसरभोळ्या म्हातार्‍यांशी बोलले तर सापडेल. आता एकच अडकलंय, आठवण गेली हे खेळाडूला कसं जाणवून द्यायचं? कॅरेक्टर शीटवरची (पात्राची माहिती लिहिलेल्या कागदावरची) एखादी ओळ त्याच्याच हाताने खोडायला लावू की मी गुपचूप खोडून ठेवू? शीट्स माझ्याकडेच असतात.