मदत हवी आहे : आर्मेनियात गाईडेड टूर कशी निवडावी?

नमस्कार मंडळी, नागपूरहून आई-बाबांना घेऊन सप्टेंबरमध्ये आर्मेनियाला जायचं ठरतंय. देश आपल्या विदर्भाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाही नाही, म्हणून वाटलं होतं की राजधानी येरेवानमध्ये मुक्काम ठेवून रोज एकेक टूर घ्यावी. गार्नीचं मंदिर आणि गेघार्दचा मठ एका दिवसात सहज होतात. गेघार्दचा काही भाग डोंगर कोरून केलेला आहे. बाबा इतिहासाचे शिक्षक होते, वेरूळ त्यांनी आम्हाला खांब न् खांब समजावून दाखवलंय, त्यामुळे तिथे तरी घाई नकोच.

अडतंय ते तातेवच्या मठापाशी. येरेवानहून एका बाजूनेच सुमारे 250 किमी, तेही घाटातून. बहुतेक टूरवाले एका दिवसात नेऊन आणतात. आईचे गुडघे दुखतात, तिला ते झेपेल असं मला वाटत नाही. तातेवजवळच्या गोरिस शहरात मुक्काम करावा का? तातेवला नेणारा 5.7 किमीचा रोपवे मात्र तिला दाखवायचाच आहे.

कुणी तिथे मोठ्या बसऐवजी स्वतंत्र गाडी आणि इंग्रजी बोलणारा गाईड घेतला होता का? प्रत्येक ठिकाणी किती वेळ देतात, शाकाहारी जेवणाचं काय, हे बुकिंगआधी नेमकं कसं विचारावं? कृपया अनुभव सांगा.